शाळेतला दहावा जोड

२४ ऑगस्ट

आज झोयाचं नाव शाळेतून काढलं. डोकं अजून तापलेलंच आहे, पण लिहून ठेवते. पुढे कुणी विचारलं तर कारण हाताशी असलेलं बरं.

काल शाळेच्या व्यायामशाळेत पालकांची बैठक होती. खुर्च्या गोल मांडल्या होत्या, मध्ये कॉफी आणि वेरा मावशीने तळून आणलेला पाव. मात्रोना एकेका आईबापाशी जाऊन बोलत होती. माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अनिसा, झोयाला वाचताना अडतं गं. यंदा वाचनाच्या तासाला तिला लहानांबरोबर बसवावं म्हणते. नाताळपर्यंत येईल ती वर."

हळूच म्हणजे तिच्या मते हळूच. पलीकडे वेरा मावशीचा कॉफी ढवळणारा चमचा थांबला, तो मी पाहिला ना! सहावीतली माझी मुलगी दुसरीतल्या पोरांच्या रांगेत बसणार, आणि ते सगळ्या गावाला कॉफीबरोबर कळणार.

मात्रोना माझी सख्खी चुलत बहीण. आम्ही एका बाकावर वाढलो. गणितं ती माझी बघून उतरवायची, हे आता तिला कुणी आठवण करून देत नाही. पुढे दोघी फेअरबँक्सला कॉलेजात गेलो. ती टिकली, मी पहिल्याच हिवाळ्यात परत आले. मला घरची आठवण यायची, दुसरं काही नाही. आणि आता ती गावातूनच निघालेली पहिली शिक्षिका! तिच्याआधी बाहेरून मास्तर यायचे, दोन हिवाळे काढायचे आणि पळायचे. त्यामुळे गाव तिला डोक्यावर घेऊन नाचतं. नाचो बापडं.

रात्रभर चरफडले आणि सकाळी फोन लावला. मुलांना घरी शिकवायची राज्याचीच योजना आहे. सरकारी शाळा तीही आणि सरकारी शाळा हीही, फक्त ही घरी येते. झोयाचं नाव आता चारशे मैलांवरच्या दुसऱ्याच जिल्ह्याच्या पटावर लागेल. पुस्तकं, सूक्ष्मदर्शक, रंग, सगळं विमानाने येईल आणि महिन्यातून एकदा डेबी नावाची बाई फोनवर विचारपूस करेल. शाळा निवडायचा हक्क आईबापाला कायद्याने दिलाय. मी तो वापरला, कुणाच्या घरात चोरी नाही केली.

पट दहाच्या खाली गेला की राज्य शाळेचा खर्च उचलत नाही, हे आमच्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोही विचार केलाय मी. बारा मुलं होती, आता अकरा राहिली. शाळेच्या केसालाही धक्का लागत नाही.

नवरोबा मॅक्सिम जाळं शिवत होता. म्हणाला, "तुला पटलं ना? मग झालं." झोयाला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली. पोर खूश आहे.

३ सप्टेंबर

खोकी आली. धावपट्टीवर आख्खं गाव टपाल घ्यायला आलं होतं आणि त्यातली चार खोकी माझीच. फोर-व्हीलरला मागे बांधून गावातून आणताना मान जरा ताठच होती, खोटं कशाला बोलू. एकात पृथ्वीचा गोल आहे, आतून उजेड लागणारा. शाळेतल्या गोलावर अजून जुनेच देश आहेत.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वेळापत्रक चिकटवलं. नऊ वाजता वाचन.

१२ सप्टेंबर

वाचन नऊला सुरू होतं आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघी रडकुंडीला येतो. झोया एका ओळीवर अडते, मी शब्द सांगते, ती पुढच्या ओळीवर अडते. मग मी ओरडते. आज म्हटलं, "अगं, इतकं सोपं कसं येत नाही तुला?" तर टेबलाखाली पाय हलवत राहिली. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली माशाचा खवला बघितला. ते छान झालं.

डेबी फोनवर म्हणाली, प्रत्येक मूल आपापल्या चालीने चालतं. गोड बाई आहे. तिला मी वाचन उत्तम चाललंय असं सांगितलं.

संध्याकाळी झोया मात्रोनाच्या बोसनला खायला घालायला जाते. बोसन म्हणजे तिचा म्हातारा कुत्रा. मात्रोना शाळेत उशिरापर्यंत असते, म्हणून दोन वर्षांपासून हे काम झोयाकडे आहे. बंद करावंसं वाटलं होतं, पण कुत्र्याने माझं काय बिघडवलंय?

२७ सप्टेंबर

ल्यूबाचं घर आज हललं. तिच्या सासूबाईंची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं, आणि ते यंत्र अँकरेजला. म्हातारीला एकटी कशी पाठवणार? म्हणून नवराबायको, दोन्ही मुलं, सगळेच निघाले.

धावपट्टीवर सगळे होते. आमच्याकडे कुणी गाव सोडून निघालं की घरात कुणी बसत नाही. बायकांनी ल्यूबाच्या पिशव्यांत धुरी दिलेला सॅल्मन कोंबला, तिच्या धाकट्याने विमानाच्या खिडकीला नाक लावलं. विमान खाडीवरून वळेपर्यंत आम्ही उभे होतो.

परत येताना मॅक्सिम एवढंच म्हणाला, "नऊ."

मी म्हटलं, "म्हणजे मी घालवलं का त्यांना?"

"मी फक्त आकडा सांगितला," तो म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला.

५ ऑक्टोबर

वेरा मावशीच्या बान्यात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, गेले होते. पाठ शेकायची होती आणि, खरं सांगायचं तर, काय ते एकदा ऐकून घ्यायचं होतं. बायका मनातलं बोलतात ते बान्याच्या वाफेतच. मी, वेरा मावशी आणि दुन्या. दारातून आत वाकले तेव्हा दोघींचं बोलणं थांबलं.

मावशीने दगडांवर पाणी टाकलं. "झोया कशी आहे?"

"छान आहे."

"गुणी आहे पोरगी," मावशी म्हणाली.

मग दुन्या म्हणाली, "आमचा पेट्या रोज रडत घरी येतो. बास्केटबॉलला एका बाजूला पाच आणि एका बाजूला चार होतात. मग मात्रोना चौघांत उतरते आणि हटकून हरते."

"ती पहिल्यापासूनच हरायची," मावशी म्हणाली. "ताडासारखी वाढली, पण चेंडू काही हातात राहत नाही!"

तिघी हसलो. मी वाट पाहिली. मावशीने आणखी पाणी टाकलं, वाफ उसळली, आणि मग यंदा बेरी कशा लवकर संपल्या यावर बोलणं गेलं.

मी टोमण्यांची तयारी करून गेले होते. कुणीही काही म्हणालं नाही. तशीही आमच्यात रीत नाही. दुसऱ्याच्या लेकराबद्दल त्याला काही सुचवायचं म्हणजे त्याच्या घरात चिखलाचे बूट घालून शिरायचं. पण राग असता तर तो दिसला असता ना? म्हणजे गावाला माझं पटलेलं आहे. निदान वाईट वाटलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

आमच्या घरी इतकं खाणं लग्नातही आलं नव्हतं. सोमवारी वेरा मावशी पिरोक घेऊन आली. आत सॅल्मन, भात, कोबी आणि वरचं कवच सोनेरी, जसं फक्त तिलाच जमतं. चहा घेतला, खिडकीतून शाळेकडे पाहत बसली. "मुलांचा आवाज इथपर्यंत येतो नाही गं?" म्हणाली. मी म्हटलं, "वारा तिकडून असला की येतो." तिने कप धुऊन ठेवला आणि गेली.

मग दुन्याने बेरीचा मुरंबा आणून दिला. काल सीमियोन आजोबा आले. चर्चमध्ये पाद्री नसताना प्रार्थना तेच वाचतात, त्यामुळे ते घरी आले की आपसूक उभं राहायला होतं. त्यांनी सीलच्या चरबीचं तेल आणलं होतं. बराच वेळ बसले. "माझी आई सांगायची, तिच्या वेळी शाळा नव्हती. मुलांना जहाजाने लांब नेऊन ठेवायचे. मग ती परत यायची ती पाहुण्यासारखी." मी म्हटलं, "फार वाईट दिवस होते, आजोबा." ते "हो" म्हणाले आणि टोपी हातात फिरवत राहिले.

माझं कौतुक चाललंय असं वाटतंय. घरी शिकवणं किती कष्टाचं असतं ते लोकांना कळतं. मॅक्सिमला म्हटलं तसं, तर तो पिरोक खाता खाता थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, "काय?" तर म्हणाला, "काही नाही. मीठ दे."

२० ऑक्टोबर

पटाची मोजणी या आठवड्यात संपते. गेले चार दिवस मला नीट जेवण जात नाही. मी आंधळी नाही. झोया परत गेली तर दहा होतात, हे मलाही कळतं. पण जायचं कोणत्या तोंडाने? मात्रोनासमोर उभं राहून म्हणायचं काय? की तुझंच बरोबर होतं, माझ्याच्याने माझ्या पोरीला वाचायला शिकवणं झालं नाही?

तरी आज गेले. दुपारी, टपालाचं निमित्त करून. व्यायामशाळेच्या दाराशी उभी राहिले. आत खेळ चालू होता, मात्रोना चौघांच्या बाजूने धावत होती आणि पेट्या ओरडत होता, "बाई, मला द्या! मला द्या!" तिने दिलाच नाही, चेंडू हातातून सुटला. मला हसू आलं. तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि घाम पुसत बाहेर आली.

"वारा पडला," ती म्हणाली.

"हो. उद्या परत सुटेल म्हणतात."

"चहा घेतेस?"

"नको, घाई आहे."

दोघी उभ्या राहिलो. तिचे केस कपाळाला चिकटले होते. आम्ही दहा वर्षांच्या असताना ती अशीच दिसायची. मी मनात म्हणत होते, विचार गं. एकदा विचार. 'झोयाला पाठवतेस का?' एवढंच म्हण, मी उद्या सकाळी तिला हाताला धरून आणते. तू विचारलंस म्हणून आणलं असं होईल, माझी मान खाली जाणार नाही.

ती दाराजवळच्या मांडणीकडे पाहत होती. मुलं तिथे बाहेरचे बूट काढतात आणि शाळेतले घालतात. म्हणाली, "झोयाचे बूट इथेच आहेत."

"नेऊ का?"

"नको, असू देत. त्यांची जागा आहे."

मी "बरं" म्हटलं आणि निघाले. घरी येईपर्यंत अंगाचा तिळपापड झाला. बूट पडून आहेत म्हणून मला ऐकवते! सामान घेऊन जा, असं तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून 'असू देत' म्हणे!

२५ ऑक्टोबर

मोजणी संपली. दिवसभर रेडिओ चालू ठेवला होता. घराघरात तो असतो आणि कुणालाही कुणाशी बोलायचं असलं की त्यावरच. सीमियोन आजोबांनी वारा सांगितला. दुन्याने पेट्याला जेवायला हाक मारली. वेरा मावशीने चर्च झाडायला कोण येतंय ते विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत म्हणाली, "राहू दे, मीच जाते."

एकाने जरी मला म्हटलं असतं. दहा जण येऊन बसले, माझा चहा प्यायले, आणि एकाला तोंड उघडता आलं नाही. आता शाळा बुडाली तर सगळ्यांनी मिळून बुडवली, माझ्या एकटीच्या माथी का मारायची?

हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. पटत नाही. तरी खोडत नाही.

१८ नोव्हेंबर

काही विशेष नाही. बर्फ पडला. टेकडीच्या अंगाला, मात्रोनाच्या घराकडे, मी हल्ली फिरकत नाही. लांबचा रस्ता धरून दुकानात जाते. बोसनचं भुंकणंही ऐकू येत नाही. म्हातारा झालाय, थंडीत आत झोपून राहत असेल.

झोया मात्र त्याला भरवायला न चुकता जाते. परत येते तेव्हा बोटांना शाई लागलेली असते. म्हटलं, "कुत्र्याला शाई पाजतेस काय गं?" तर लाल झाली.

८ जानेवारी

काल आमचा नाताळ, जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला येणारा. आज लिहायला बसले कारण हा दिवस मला जपून ठेवायचाय.

सीमियोन आजोबांनी वाचनासाठी झोयाचं नाव घेतलं. एवढ्या मेणबत्त्या, एवढं गाव, आणि माझी पोर पोथी ठेवायच्या त्या उंच मेजासमोर. ती पुढे गेली, बोट ओळीवर ठेवलं आणि वाचत सुटली. कुठे अडली नाही. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला श्वास घेतला. मॅक्सिमने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

संध्याकाळी रीतीप्रमाणे काठीवरचा मोठा कागदी तारा घेऊन मिरवणूक निघाली. गाणारी सगळी मंडळी, फिरता तारा, घराघरात जाऊन खाणं. आमच्या घरी आले तेव्हा मला राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "पाहिलंत ना? याला म्हणतात घरची शाळा!"

तारा धरणाऱ्याने तो उगीच जरा फिरवला. मग वेरा मावशी म्हणाली, "हो गं. फार छान वाचलं पोरीने." मात्रोना दाराशीच उभी होती, टोपी न काढता. ती झोयाकडे बघून हसली आणि पुढच्या घराकडे निघाली. तिला झोंबलं असणार. झोंबू दे, एवढं तरी माझं हक्काचं आहे.

२ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या शाळाकचेरीतून दोन साहेब विमानाने आले. व्यायामशाळेत सभा झाली. एक जण बराच वेळ भिंतीवर आकडे दाखवत होता. शेवटी दुसऱ्याने सांगितलं, शाळा मे महिन्यात बंद. इमारत कुलपात. नऊ मुलांसाठी पैसा नाही, दहा असती तर गोष्ट वेगळी होती. दहा हा शब्द त्याने चार वेळा उच्चारला.

मी उशिरा पोचले होते, बसायला जागा नव्हती. दुन्या उठली आणि मला तिची खुर्ची दिली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "बस गं. मी सकाळपासून बसूनच आहे." सबंध सभा ती माझ्यामागे उभी राहिली. माझ्याकडे एकाने वळून पाहिलं नाही. रागाने पाहिलं असतं तर मी उलट बोलले असते.

सीमियोन आजोबांनी साहेबांना विचारलं, "मग कुणी वारलं की गावाने जमायचं कुठे? इथेच जमतो आम्ही." साहेबाला कळलं नाही, त्याने आकड्यांचा कागद त्यांच्या हातात दिला.

मात्रोना शेवटी बोलली. म्हणाली, मे महिन्यापर्यंत एकही तास बुडणार नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.

१६ मार्च

सकाळपासून वादळ. पाच वाजून गेले तरी झोया बोसनला भरवून परतली नव्हती. मॅक्सिम बोटीवर. रेडिओवर दुन्याला हाक मारली, ती टेकडीच्या पायथ्याशी राहते. म्हटलं, "दुन्या, झोया मात्रोनाकडे कुत्र्याला खायला घालायला गेलीये, दिसली का?"

रेडिओ नुसता खरखरला. मग ती म्हणाली, "अनिसा, बोसन ऑक्टोबरात गेला."

सगळ्या घरांत रेडिओ चालू असतो. गावाने ऐकलं मी काय विचारलं ते.

बूट चढवून निघाले. वारा उभं राहू देत नव्हता. किती महिन्यांनी त्या वाटेला लागले. अंगणात बोसनचं घर रिकामं, आत बर्फ साचलेला. खिडकीतून पाहिलं. टेबलापाशी दोघी, डोक्याला डोकं लावून. झोया वाचत होती, मात्रोनाचे डोळे मिटलेले होते आणि बोट टेबलावर हळूहळू ताल धरत होतं. तिच्या पुढ्यात सुपाचा वाडगा निवलेला. शाळेतून आल्यावर बाईने अन्नाला हातही लावला नव्हता.

दार वाजवलं. झोया मला पाहून घाबरून उभी राहिली. मात्रोना म्हणाली, "वादळ ओसरल्यावर मीच पोचवणार होते. ये आत, भिजलीस."

मी विचारलं, "कधीपासून?"

"सप्टेंबरपासून," झोया म्हणाली. "आधी बोसनला भरवायचे, मग वाचायचे. मग बोसन गेला."

नाताळला मी काय बोलले होते ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. तारा धरलेली माणसं, वेरा मावशीचं "हो गं". सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या घरात, माझ्या तोंडावर, सगळ्यांना ठाऊक होतं.

मला रागवायला हवं होतं, निदान आभार तरी मानायला हवे होते. मी झोयाचा कोट शोधला, तिच्या बाह्या नीट केल्या आणि "चल" म्हटलं. मात्रोनाला एक शब्द बोलले नाही. घरी येऊन रडले. हे लिहितानाही लाजेने कान गरम झालेत.

२१ मे

आज मात्रोना गेली. तिला शहरातल्या मोठ्या शाळेत काम मिळालंय. नऊतल्या तिघांची घरंही तिच्या मागोमाग निघणार आहेत.

धावपट्टीवर जायचं नाही असं सकाळी ठरवलं होतं. मग पाहिलं तर मी पिरोक लाटत होते. माझं कवच नेहमी करपतं, तसंच करपलं. झोया आणि मॅक्सिम पुढे गेले, मी मागून चालत गेले. बायकांच्या गर्दीत वेरा मावशी जरा सरकली, माझ्यापुरती जागा झाली.

मात्रोनाने सगळ्यांना मिठ्या मारल्या. माझ्यापाशी आली तेव्हा मी पिरोक पुढे केला. तिने फडकं उचलून पाहिलं आणि म्हणाली, "करपवलास."

"नेहमीसारखा."

"कॉलेजात करायचीस तो तर कच्चाच असायचा." ती हसली.

मला हसता आलं नाही. म्हटलं, "मात्रोना, तू मला विचारलं का नाहीस? त्या दिवशी मी दारात आले होते. मी हो म्हणणार होते."

तिने फडकं पिरोकवर नीट बसवलं. "मला वाटलं, मी विचारलंच आहे," म्हणाली. "बूट तिथे आहेत म्हटलं, जागा आहे म्हटलं. याहून उघड कसं विचारायचं, अनिसा? तोंड उघडून विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर आपण दोघींनी या गावात पुढे कसं राहायचं होतं?"

वैमानिकाने हाक मारली. ती पिरोक मांडीवर घेऊन बसली. विमान खाडीवरून वळेपर्यंत आम्ही उभे होतो.

२२ मे

शाळेला कुलूप लावण्याआधी ज्याचं त्याने सामान घेऊन जायचं होतं. मी आणि झोया गेलो. व्यायामशाळा रिकामी होती, आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. मांडणीत बाकीच्यांनी आपापले जोड नेले होते. एकच उरला होता, पुसलेला, नाड्या आत घातलेल्या. मांडणीवर धूळ होती, बुटांवर नव्हती.

झोयाने घालून पाहिले. टाच आतच जाईना.

"लहान झाले," ती म्हणाली.

मी बाकावर बसले. कितीतरी महिने एकच विचार मनात घोळवत होते, की मला कुणी विचारलं नाही. मावशीने नाही, दुन्याने नाही, मात्रोनाने नाही. तोच धरून बसले होते. झोयाला म्हटलं, "तुला घरी शिकायचं नव्हतं, ना? शाळेत परत यायचं होतं?"

तिने होकाराची मान हलवली.

"मग मला बोलली का नाहीस गं?"

ती नाड्या गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू विचारलंच नाहीस, आई."

दुन्या बाहेर किल्ली घेऊन थांबली होती. आम्ही निघालो, तिने कुलूप लावलं. बूट पेट्याला होतील म्हणून मी तिच्यापुढे धरले. तिने ते घेतले आणि म्हणाली, "चांगले आहेत अजून."